अनुसूयावहिनीची खिरापत

आमच्या अनुसूयावहिनीबद्दल कुणी काही लिहील असं तिला स्वप्नातही वाटणार नाही. ती कधी सभेत बोलली नाही, शाळाही तिसरीत सुटली. नागावच्या आमच्या वाडीत ती सून म्हणून आली, आता तिला दोन मुलं आहेत, पहाटे उठून देवाची फुलं काढते आणि दिवसभर घरात हिंडत असते. हिंडते म्हणजे पळतेच. सरळ चालत गेलेली मी तिला फारशी पाहिलेली नाही. विहिरीवर गेली तरी पळत, देवळात गेली तरी पायऱ्यांपर्यंत पळत आणि तिथून पुढे एकदम सावकाश, पदर नीट करून.

ती घाटावरची. वाईच्या बाजूच्या एका गावातून १९२९ साली माझ्या मार्तंडदादाशी लग्न होऊन आली, तेव्हा तिनं समुद्र पहिल्यांदा पाहिला. दादा अलिबागला कचेरीत कारकून. घरात आमची आई, वडील, दादा आणि मी. मी तेव्हा मराठी शाळेत जात होते. वहिनी मला ‘वन्सं’ म्हणायची, पण वागवायची मैत्रिणीसारखी. कोकणातलं काहीही नवं दिसलं की माझ्याकडे धावत यायची. पहिला फणस फोडला तेव्हा तिच्या हाताला लागलेला चीक दोन दिवस गेला नाही, आणि दोन्ही दिवस ती हसत होती.

मला सांगायची आहे ती गोष्ट १९३१ सालच्या नवरात्रातली.

त्याआधी पितृपंधरवड्यात आमच्या आजोबांचं श्राद्ध झालं. पहिल्या दोन्ही वर्षी त्या दिवशी वहिनी तापानं निजून होती, म्हणून तिसऱ्या वर्षी पहिल्यांदाच ती श्राद्धाच्या पानाला बसली. वडे झाले, खीर झाली, आणि पानाच्या डाव्या बाजूला आईनं वाटलेली आमसुलाची चटणी. वहिनीनं बोटावर चटणी घेतली, जिभेला लावली आणि तशीच थांबली. तिच्या माहेरी आमसूल औषधाच्या डब्यात असायचं, पित्त उठलं की पाण्यात कुस्करून द्यायचं, एवढंच. त्याची अशी चटणी होते हे तिला ठाऊक नव्हतं. आधी गूळ लागतो, मग आंबट, मग जिरं आणि शेवटी हळूच मिरची. तिनं पान पुसून काढलं.

मागच्या दारी भांडी विसळताना तिनं मला विचारलं, “वन्सं, ही चटणी परत कधी करायची?”

“पुढच्या वर्षी,” मी म्हटलं.

मी एवढंच म्हटलं. आमच्या आळीत ती चटणी फक्त श्राद्धाला करतात. आमटीत, सारात आमसूल रोज चालतं, पण वाटून चटणी केली की ती पितरांची. सणावाराला, मंगलकार्याला आंबटगोड हवं तर चिंचगुळाचं पंचामृत. हे मला इतकं माहीत होतं की सांगायचं असतं हेच माझ्या डोक्यात आलं नाही. आणि वहिनीला वाटलं, आमसुलं संपली असतील, नवी उन्हाळ्यात येतील, म्हणून पुढच्या वर्षी.

सर्वपित्री झाली, घट बसले, आणि त्याच संध्याकाळपासून भोंडला सुरू झाला.

आमच्याकडे भोंडला म्हणजे मुलींचं राज्य. पाटावर तांदळानं हत्ती काढायचा, अंगणाच्या मधोमध ठेवायचा आणि फेर धरून गाणी म्हणायची. रोज एका घरी. गाणी संपली की त्या घरची खिरापत झाकलेल्या डब्यातून बाहेर यायची, आणि आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं. आमच्या आळीत पाच नावं घ्यायची मुभा. पाचांत ओळखलं नाही तर मुली हरल्या.

पण मुली हरतच नसत, कारण आमच्यात कोकिळा होती. शेजारच्या वाडीतल्या सखूकाकूंची ही मुलगी. आवाज नावासारखा नाही, पण नाक देवानं दिलेलं. ज्या घरची पाळी असेल त्या घरावरून ती दुपारी दोन चकरा मारी. मागच्या दारी नारळाच्या किती करवंट्या पडल्यात ते बघे, फोडणीचा वास घेई, मांजर कुठं बसलंय तेही बघे. संध्याकाळी डबा हलवून कानाशी धरला की पहिल्या-दुसऱ्या नावाला खिरापत उघडी. तीन वर्षांत तिची एकही चुकली नव्हती.

पहिल्या दिवशीही तिनं डब्याला हात न लावताच “साटोऱ्या” म्हणून सांगितलं. आम्ही घरी आलो तर वहिनीचे गाल लाल झालेले.

“मी करीन अशी खिरापत की तिला ओळखता यायची नाही,” ती म्हणाली.

आई पडवीत नारळ सोलत बसली होती. “कोणाला, कोकिळेला? उगाच नाद करू नको. त्या पोरीचं नाक मांजराचं आहे.”

“आणि नाहीच ओळखता आली तर?”

“तर काय मागशील ते देईन,” आई हसत म्हणाली.

वहिनीनं श्वाससुद्धा घेतला नाही. “दिवाळीला माहेरी जाऊ?”

आईचा हात थांबला. दादा ओसरीवर चहा पीत होता, त्याचा पेला तोंडाशीच राहिला. दोन दिवाळ्या वहिनीच्या अशाच गेल्या होत्या. दिवाळीच्या मागोमाग वाडीतल्या सुपाऱ्या उतरतात, आणि तेव्हा घरातले हात कमी करणं आईला परवडत नसे. वाईचा रस्ता म्हणजे धरमतरहून लाँच, मुंबईहून आगगाडी, वाठारला उतरून पुढे टांगा. दोन दिवस जायला, दोन यायला. नुकतंच तिच्या आईचं पत्र आलं होतं, त्यात शेवटी एकच ओळ होती: ‘या दिवाळीला तरी तुझं तोंड दिसेल का?’ ते पत्र वहिनीनं उशाखाली ठेवलं होतं. मी ते पाहिलं होतं. बहुधा आईनंही.

आईनं नारळ खाली ठेवला. “जा. शब्द देते. पण कोकिळेनं ओळखली तर माहेरचं नाव या वर्षी काढायचं नाही.”

“नाही काढणार,” वहिनी म्हणाली, आणि आत पळाली.

आमची पाळी शेवटची, खंडेनवमीची. मधल्या आठ दिवसांत वहिनीचं कशात लक्ष लागेना. पोळी तव्यावर करपायची. रोज एक पदार्थ ठरायचा आणि रोज रद्द व्हायचा. तळण करावं तर वास आळीच्या टोकाला जाणार. लाडू करावे तर डब्यात गडगडणार. वड्या, खीर, घावन, सगळं कोकिळेच्या नाकाखालून गेलेलं. माझ्याशी ती एक अक्षर बोलायची नाही, कारण मी मुलींच्या बाजूनं फेरात असणार.

“मला सांगितलंस तर मी काय ओरडून सांगणार आहे?” मी रुसून म्हटलं.

“वन्सं, तुमचं तोंड म्हणजे उघडं फाटक. गुरं येतात नि जातात.”

पुढचं सगळं तिनं मला नंतर सांगितलं. सहाव्या दिवशी देवापाशी बसली असताना तिला एकदम चटणी आठवली. भाजायचं नाही, तळायचं नाही, फोडणी नाही. चूल पेटवायचीच नाही, तर वास कुठून येणार? डबा हलवला तर आवाज नाही. गोड म्हणावी तर आंबट, आंबट म्हणावी तर तिखट. आणि पंधरा दिवसांपूर्वी अख्ख्या आळीनं ती खाल्लेली असूनही कुणी तिचं नाव काढत नव्हतं. ते का, हे मात्र तिला सुचलं नाही. तिला एवढंच वाटलं की देवीनंच सुचवलं, आणि तिनं तिथंच नमस्कार केला.

घरातल्या बरणीतली आमसुलं घ्यायची तर आईच्या डोळ्यांदेखत. म्हणून तिनं ठमाबाईला गाठलं. ही डोंगराकडच्या गावातली बाई, आमच्याकडे भात आणि रानातला मेवा घेऊन यायची. वहिनीनं तिला हळूच सांगितलं, येताना शेरभर आमसुलं आण, आणि मागच्या दारानं ये.

ठमाबाई म्हणाली, “आनते की. पर आता कशाला गो बाय आमसुलं? पितर तर गेलं जेवून.”

“गेले तर गेले,” वहिनी म्हणाली, “आता आपण जेवायचं.”

ठमाबाई तिच्याकडे बघत राहिली, मग हसली. घाटावरच्या लोकांची रीत न्यारी असेल, असं तिला वाटलं असावं.

खंडेनवमीला सकाळी घटाची पूजा झाली, जेवणं झाली. आई जरा आडवी झाली तशी वहिनीनं माजघराचं दार लोटून घेतलं. आमसुलं तिनं चिनी मातीच्या वाडग्यात कोमट पाण्यात घातलेलीच होती. ती मऊ झाली, तशी पिळून पाट्यावर घेतली. बरोबर जिरं, मीठ, मोजक्या हिरव्या मिरच्या. वरवंटा फिरू लागला. मग ओलं खोबरं, आणि गूळ अगदी शेवटी, कारण गूळ आधी घातला की सगळं पातळ होऊन पाट्यावरून पळतं. आईच्या चटणीपेक्षा तिनं गूळ जास्त घातला. चाखून पाहिली, आणखी एक खडा घातला. रंग तर असा उतरला, जांभळा म्हणावा की काळा, आणि वर खोबऱ्याची चमक. शेवटी तिनं त्यातली चमचाभर घटापुढे ठेवली, डोळे मिटून नैवेद्य दाखवला आणि मग डबा भरला.

तेवढ्यात मागच्या दारी कोकिळा.

वरवंट्याचा आवाज तिनं ऐकला होता. मी विहिरीपाशी होते, तर मला म्हणते, “कुमुद, सकाळी तुमच्याकडे हरभऱ्याची डाळ भिजवली होती का गो?”

“मी नाही पाहिली.”

“म्हणजे लपवून भिजवली. वाटली डाळ.” आणि ती खूष होऊन वळली, तो समोर वहिनी.

“वैनी, बोटं कशानं लाल झाली?”

वहिनीनं हात बघितले. आमसुलाचा रंग नखांपर्यंत चढला होता. “कुंकवाचा करंडा सांडला,” ती म्हणाली, आणि आत जाऊन खरंच थोडं कुंकू बोटांना फासून आली. देवीच्या दिवसांत खोटं बोलले म्हणून तिनं रात्री दोन वाती जास्त लावल्या. हेही तिनंच सांगितलं.

संध्याकाळी आमचं अंगण भरलं. पंचवीस-तीस मुली, ओसरीवर बायका, सगळ्यांत पुढे सखूकाकू. पैजेची बातमी आळीभर झाली होती. शेवटचा दिवस म्हणून नऊही दिवसांची गाणी म्हणायची असतात, पण त्या दिवशी आम्ही ती इतक्या भरभर म्हटली की हत्तीलाही दम लागला असेल. वहिनी दारात उभी होती, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. दादा कचेरीतून लवकर आला होता आणि काही काम नसताना माडाच्या बुंध्याशी उभा होता.

डबा आला. कोकिळेनं तो कानाशी धरून हलवला. आवाज नाही. तिनं हसून सगळ्यांकडे पाहिलं. “वाटली डाळ.”

“नाही,” वहिनी म्हणाली.

कोकिळेचं हसू गेलं. तिनं झाकणाच्या फटीशी नाक नेलं. “गोड की तिखट?”

“दोन्ही.”

“आंबट?”

“तेही.”

“पंचामृत,” काशी ओरडली. काशी आमच्यात सगळ्यांत लहान, आणि तिचं नावही मोजणीत गेलं.

“नाही.”

“अगो गप्प बस, मेली. दोन नावं गेली,” कोकिळा तिच्यावर खेकसली. “लिंबाचं गोड लोणचं.”

“नाही.”

“आवळ्याचा मोरांबा. नाही, थांबा, हे नाव नाही धरायचं.”

“धरायचं,” ओसरीवरून आईच म्हणाली. “तोंडातून गेलं ते गेलं.”

चार झाली. अंगणात कुणी हलेना. मी मुलींच्या बाजूची असून मनात म्हणत होते, देवी, हिला सुचू देऊ नको. कोकिळेनं पुन्हा वास घेतला. तिच्या कपाळाला आठी पडली. ओळखीचा वास येत होता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं, पण ते नाव नवरात्रात, भोंडल्याच्या अंगणात तिच्या मनात शिरेच ना.

“करमळाच्या फळांचं रायतं,” ती शेवटी म्हणाली, आणि आवाज अगदी बारीक.

“नाही,” वहिनी म्हणाली. “हरलात.” तिनं डबा उघडला आणि आमच्या मधोमध धरला.

एक क्षण कुणालाच कळलं नाही. काशीनं तर बोट बुडवून चाटलंसुद्धा. मग सखूकाकू उठून जवळ आल्या, वाकून बघितलं आणि मागं सरल्या.

“अगो बाई, ही श्राद्धाची चटणी. घरात घट बसलेत, आणि पोरींच्या हातावर पितरांचं अन्न?”

मुली मागे झाल्या. काशीच्या आईनं तिचा हात धरून ओढला. वहिनी डबा हातात धरून तशीच उभी. तिला अजून कळलं नव्हतं. तिनं एकदा सखूकाकूंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग तिचं तोंड उतरत गेलं.

“मला ठाऊक नव्हतं,” ती म्हणाली.

“दोन वर्षं झाली या घरात येऊन,” सखूकाकू म्हणाल्या.

“मग पैज रद्द,” कोकिळा म्हणाली. “ही खिरापतच नव्हे, तर ओळखायची कशी?”

मी पुढे झाले आणि आईला सांगितलं, “तिनं मला विचारलं होतं ही चटणी कधी करतात. मी नुसतं पुढच्या वर्षी म्हटलं. का ते सांगितलं नाही.”

आई ओसरीवरून खाली उतरली. आमची आई देवाधर्माची फार कडक. सोवळ्यातली चूल कुणाचा पदर लागला तरी पुन्हा सारवणारी. ती डब्यापाशी आली आणि तिनं आत पाहिलं. दादा माडापासून दोन पावलं पुढं आला आणि थांबला.

“देवीला दाखवलीस?” आईनं विचारलं.

“हो. आधी तिलाच.”

“मनात काय होतं?”

वहिनीनं खाली मान घातली. “माहेरी जायला मिळू दे.”

सखूकाकू काही बोलणार होत्या, पण आईनं हात वर केला. “सखू, चूक झाली, आणि ती आमच्या घरची. उद्या मी देवीपुढे नारळ ठेवीन. पण पितर आमचे सर्वपित्रीला तृप्त होऊन गेले, ते पोरींच्या हातावरच्या चटणीसाठी परत यायचे नाहीत.” मग ती कोकिळेकडे वळली. “आणि तू. नाकानं ओळखलं होतंस ना?”

कोकिळेनं सखूकाकूंकडे पाहिलं.

“खरं सांग.”

“वास आला होता,” कोकिळा म्हणाली. “पण म्हटलं, ती कशी असेल.”

“म्हणजे चुकलीस. मी शब्द देताना कुठली खिरापत चालेल नि कुठली नाही, असं काही ठरवलं नव्हतं. ते माझं चुकलं.” तिनं वहिनीच्या हातातला डबा सरळ केला, कारण तो कलायला लागला होता. “मी ही चटणी खाणार नाही. ज्यांना नको त्यांनी खाऊ नये. पण दिवाळीला तू माहेरी जायचंस.”

वहिनीला ते लगेच समजलं नाही. “कोण?” ती म्हणाली.

“मी जाऊ का तुझ्या माहेरी?” आई म्हणाली, आणि अंगणात एकदम हशा पिकला.

मग काय विचारता. वहिनीनं सुपारीच्या विरीचे, म्हणजे झावळीच्या त्या रुंद चामट देठाचे, लहान लहान तुकडे आधीच कापून ठेवले होते. त्यांवर चटणीचा एकेक गोळा आला. पहिली कोकिळाच पुढे झाली. हरलेल्यानं आधी खायचं असतं, असं तिनं तिथल्या तिथे ठरवलं. तिनं चाटली, डोळे मिटले आणि म्हणाली, “वैनी, गूळ जास्त आहे. म्हणून तर फसले.” मग बाकीच्या मुली. आठ-दहा जणींनी घेतली नाही, त्यांना आईनं घरातले पेढे दिले आणि कुणी कुणाला नाव ठेवलं नाही. सखूकाकू चटणी न खाताच घरी गेल्या, आणि महिन्याभरात त्यांनी ही हकिगत अलिबागपर्यंत पोचवली. आईनं दुसऱ्या दिवशी सांगितल्याप्रमाणे नारळ ठेवला. आमच्या घरात ती चटणी पुन्हा श्राद्धालाच होऊ लागली. वहिनीनं कधी वेगळं काही म्हटलं नाही.

पण ते पुढचे पंधरा दिवस. ट्रंक दहा वेळा भरली आणि दहा वेळा रिकामी केली. तिच्या आईसाठी सुपाऱ्या, भावासाठी वाळूतले शंख, शेजारणीसाठी नारळ. दादा म्हणाला, “अगो, लाँच बुडेल.” वहिनी म्हणाली, “मग तुम्ही उतरा.” दादाला आठ दिवसांची रजा मिळाली होती, तो पोचवून परत येणार होता. निघायच्या सकाळी ती पहाटे तीनला उठून अंगणात उभी होती, बैलगाडी सातला यायची होती तरी. आईला वाकून नमस्कार केला, मला मिठी मारली, गाडीत चढली, पुन्हा उतरली, देवाला नमस्कार करायचा राहिला म्हणून आत पळाली आणि पळतच बाहेर आली. गाडी वळणावर जाईपर्यंत तिचं बोलणं ऐकू येत होतं.

पाडव्यानंतर चार दिवसांनी तिचं पत्र आलं. तिला लिहायला वेळ लागायचा, अक्षरं मोठी, ओळी चढलेल्या. आईनं सुपाऱ्यांची टोपली बाजूला सारली आणि मला वाचायला सांगितलं. आई भेटली, आईचे केस पांढरे झालेत, पहिल्या रात्री आम्ही दोघी झोपलोच नाही, असं सगळं होतं. खाली, जागा संपत आली असताना, बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘पंधरा दिवसांचं बोलले होते. आणखी आठ दिवस राहू का? सुपाऱ्यांचं काम असेल तर नको.’

आईनं अंगणाकडे पाहिलं. अंगणात सुपाऱ्या पसरलेल्या होत्या, आणि सोलणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

“काय लिहू?” मी विचारलं.

“काम नाही म्हणून लिही,” आई म्हणाली, आणि तिनं टोपली पुन्हा पुढे ओढली.